मोडलेल्या संसाराची मिळकत

घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मिळकत बायकोला जाते, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत चांगलीच रुजली आहे. परदेशी कोट्यधीशांच्या घटस्फोटांच्या बातम्या आणि त्यांत छापले जाणारे डोळे दिपवणारे आकडे यांनी तिला खतपाणी घातले असावे, आणि लग्नाची बोलणी चालू असतानाच 'पुढेमागे काही झालेच तर' या सबबीखाली नवा फ्लॅट आईच्या नावावर घेण्याचा सल्ला देणारे मामा-काकाही याच समजुतीच्या आधारे बोलत असतात. वस्तुतः महाराष्ट्रात ही समजूत निराधार आहे. हिंदू विवाह कायदा विवाहबंध तोडतो, पोटगीची तजवीज करतो, मुलांच्या ताब्याचा निर्णय देतो. परंतु विवाहकाळात उभयतांनी जमवलेल्या मिळकतीचे दोन समान भाग करावेत, असे त्यातील एकही कलम सांगत नाही. आणि मौज अशी, की बांद्यापर्यंत जी गोष्ट खोटी, तीच पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरल्याबरोबर बऱ्याच अंशी खरी ठरते.

हे असे का, याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. धर्मशास्त्रकारांच्या मते विवाह हा संस्कार होता आणि संस्कार पुसता येत नाही. कौटिल्याने परस्परद्वेषामुळे काही प्रकारच्या विवाहांतून मोक्ष मिळतो असे सांगितले खरे, परंतु उच्चवर्णीय समाजाने त्या वाटेला जाण्याचे सहसा टाळले. त्याच वेळी महाराष्ट्रातील अनेक जातींत मात्र पंचांसमक्ष काडीमोड होत असे आणि सोडलेल्या स्त्रीचा पाटही लागत असे. इंग्रजी अमदानीत न्यायाधीशांना पंचांची ही सत्ता रुचेना. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने विवाह मोडून स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार नाकारला, आणि अशा रीतीने जी मोकळीक तळच्या समाजात होती तीही कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरली. पुढे संस्थानिकांनी या बाबतीत सरकारच्या पुढे पाऊल टाकले: कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1919 मध्ये, बडोद्यात सयाजीरावांनी 1931 मध्ये घटस्फोटाचे कायदे केले आणि मुंबई प्रांताने 1947 मध्ये. डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचेच तुकडे करून पुढे जे कायदे झाले त्यांतील हिंदू विवाह कायदा 18 मे 1955 पासून अमलात आला. रूढीने मिळणारा काडीमोड या कायद्यानेही रद्द केलेला नाही, मात्र ती रूढी दीर्घकाळ अखंड चालत आली आहे हे पुराव्याने शाबीत करावे लागते. स्टँप पेपरवर दोन साक्षीदारांसमोर लिहिलेल्या 'फारकतनाम्या'वर विसंबून दुसरे लग्न करणाऱ्यांना ही गोष्ट पुष्कळदा फार उशिरा कळते.

या साऱ्या झगड्याचा रोख स्त्रीच्या सुटकेवर होता आणि ते त्या काळास अनुसरूनच होते. बंधनातून बाहेर पडण्याचा मार्गच नसलेल्या समाजात बाहेर पडल्यावर घर कोणाचे, हा प्रश्न दुय्यम वाटावा यात नवल नाही. परंतु तो प्रश्न तेव्हा जो मागे राहिला, तो आजतागायत मागेच राहिला आहे.

घटस्फोटाचे आज दोन मार्ग आहेत. एक वादाचा: क्रौर्य, व्यभिचार, निदान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, असाध्य मनोविकार यांसारखे एखादे कारण अर्जदाराने सिद्ध करावयाचे आणि समोरच्याने ते खोडून काढावयाचे. कौटुंबिक न्यायालयात आधी विवाह-समुपदेशकाकडे पाठवले जाते, मग कैफियत, मग साक्षीपुरावा, मग उलटतपासणी. या क्रमात वर्षे निघून जातात आणि एकेकाळी एका ताटात जेवलेली दोन माणसे शपथेवर एकमेकांचे दोष सांगत राहतात. दुसरा मार्ग परस्परसंमतीचा. तो 1976 च्या दुरुस्तीने आला. निदान एक वर्ष विभक्त राहिलेले पतिपत्नी संयुक्त अर्ज करतात, सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयापुढे येऊन आपली इच्छा कायम असल्याचे सांगतात आणि मग हुकूमनामा होतो. सहा महिन्यांची ही मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले. विवाह पुन्हा जुळण्यापलीकडे गेला असेल तर आपल्या विशेषाधिकारात आपण तो थेट संपुष्टात आणू शकतो, असे त्याच न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले, परंतु तो अधिकार केवळ त्याच न्यायालयाचा. खालच्या न्यायालयांना तो नाही. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी समाजांचे कायदे निराळे आहेत. पारशांच्या विवाह-न्यायालयात तर ज्यूरीसारखे प्रतिनिधी आजही न्यायाधीशाशेजारी बसतात. ज्यूरीची पद्धत देशातून केव्हाच उठून गेली, तिचा हा एवढाच अवशेष उरला आहे.

आता पैशाकडे वळू. हिंदू विवाह कायद्याच्या 24 व्या कलमान्वये दावा चालू असेतो आणि 25 व्या कलमान्वये तो संपल्यावर पोटगी मागता येते, आणि ती पतीलाही मागता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रक्कम ठरवताना न्यायाधीश उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन आणि राहणीमान पाहतात. पगाराच्या चौथ्या हिश्शाचा दाखला वकील वारंवार देतात, कारण 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा हिस्सा वाजवी मानला होता, पण तो काही अचल नियम नव्हे. खरी पंचाईत असते ती उत्पन्न उघड करण्याची. दावा दाखल होताच नवऱ्याचा धंदा बुडीत निघावा आणि बायकोची शिकवणी बंद पडावी, हा प्रकार इतका सार्वत्रिक झाला होता, की नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये उभय पक्षांना मत्ता आणि दायित्वे यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. या प्रतिज्ञापत्राचा शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे. जमीन किती, मालकीची नोंद कोणती, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणते, गेल्या तीन वर्षांत उत्पन्न काय झाले, कोणाची जमीन बटाईने केली आहे काय, आणि म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या यांपैकी पदरी काय आहे, असे एकेक प्रश्न त्यात विचारलेले आढळतात. न्यायदानाच्या रूक्ष कागदांत मला या नमुन्याचे कौतुक वाटते, कारण संसार कशाकशाचा बनलेला असतो याची जाण त्यात दिसते.

एवढे करूनही ही सारी व्यवस्था पालनपोषणाची आहे, मालकीची नव्हे. पोटगी मागणारा मनुष्य गरजू म्हणून न्यायालयापुढे उभा राहतो, भागीदार म्हणून नाही. लग्नात उभयतांना मिळून आलेल्या भेटवस्तूंच्या वाटपाचा अधिकार 27 व्या कलमाने न्यायालयाला दिला आहे, परंतु त्याची धाव अहेराच्या भांड्यांपलीकडे आणि विवाहाशी संबंधित संयुक्त वस्तूंपलीकडे फारशी जात नाही. स्त्रीधन मात्र पत्नीचे, आणि निखालस तिचेच: माहेरचे दागिने, सासरी चढवलेले अलंकार, तिला व्यक्तिशः मिळालेल्या भेटी. ते नवऱ्याच्या कपाटात वा सासूच्या लॉकरमध्ये ठेवलेले असले तरी ठेवणारा केवळ विश्वस्त असतो आणि परत न दिल्यास फौजदारी गुन्हा होऊ शकतो, हे 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण सोन्याची पावती कोणाच्या नावावर आहे? लग्नातील छायाचित्रांत गळ्यात दिसणारा हार कालांतराने मोडून बांगड्या केल्या असतील तर? पुराव्याच्या या बारीकसारीक प्रश्नांवर कित्येक तोळे अडकून पडतात.

उरते घर. फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचा, हा सर्वसाधारण नियम. बायकोने पंधरा वर्षे त्या घरात स्वयंपाक केला, सासऱ्यांचे दुखणे काढले, मुलांचा अभ्यास घेतला आणि तिच्या त्या श्रमांमुळे नवऱ्याचा पगार शिल्लक पडून घराचे हप्ते फिटले, तरी तेवढ्याने तिची मालकी उत्पन्न होत नाही. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात गृहिणीच्या अशा योगदानाला मालकीहक्काचे मोल दिले, परंतु तो एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे, देशाचा कायदा नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने स्त्रीला सामायिक निवासात राहण्याचा हक्क दिला आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरीही योग्य प्रकरणी तो हक्क लागू होऊ शकतो, असे 2020 मध्ये ठरले. तथापि हा हक्क राहण्याचा आहे, विकण्याचा वा वाटून घेण्याचा नाही. शेतीच्या बाबतीत अवस्था याहून बिकट. सातबाऱ्यावर सासऱ्याचे नाव, नवऱ्याचा हिस्सा अविभक्त, आणि घटस्फोटाबरोबर पत्नीचा वारसाहक्कही संपलेला; मुलांचा तेवढा शाबूत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना थोडी तरी जमीन पत्नीच्या नावावर करा म्हणून गावोगाव सांगितले, त्यामागील व्यवहारज्ञान अशा प्रसंगी ध्यानात येते. संसदेनेही एकदा या दिशेने पाऊल उचलले होते. पतीच्या स्थावर मिळकतीत पत्नीला भाग देण्याची तरतूद असलेले विवाह-कायदा दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि 2014 मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले.

म्हणून महाराष्ट्रात मिळकतीची खरी वाटणी होते ती कायद्याच्या पुस्तकात नव्हे, संमतिपत्राच्या अटींत. वकिलांच्या बोलीत तिला 'कन्सेन्ट टर्म्स' म्हणतात. परस्परसंमतीच्या अर्जाला जोडलेले हे चार-सहा कागद वाचण्यासारखे असतात: एकरकमी पोटगी अमुक लाख, त्यातील निम्मी पहिल्या तारखेला आणि निम्मी हुकूमनाम्याच्या दिवशी, धनाकर्षाने, दागिन्यांची यादी वजनासह, मुलाची फी, वैद्यकीय विमा, सुट्ट्यांतील भेटी, फ्रिज व वॉशिंग मशीन पत्नीकडे, मोटार व तिचे उरलेले कर्ज पतीकडे, उभयतांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या फिर्यादी मागे घेणे. पैशाची गोष्ट अशी, की एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाऊन तिच्यावर आयकर लागत नाही, दरमहाची मात्र उत्पन्नात धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालापासून हा भेद चालत आला आहे.

संयुक्त नावावरचा फ्लॅट असेल तर गाठ अधिक घट्ट. नवरा-बायकोनी आपसांत काहीही ठरवले, तरी कर्ज देणारी बँक त्या ठरावाने बांधलेली नसते. हप्ता थकला तर घर सोडून गेलेल्या सहकर्जदारालाही नोटीस येते. तेव्हा कर्ज एकाच्या नावावर वळवणे किंवा फेडणे, मग हक्कसोडपत्र वा बक्षीसपत्र नोंदवणे आणि शेवटी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरील नाव बदलणे, हा क्रम आहे. यात तारखांचे महत्त्व फार. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यानुसार पतिपत्नीतील राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मूळ मुद्रांकशुल्क अवघे 200 रुपये आहे. ही सवलत नात्याला आहे आणि हुकूमनामा झाला की नाते संपते, म्हणजे जो दस्त त्याच्या आधी दोनशे रुपयांत होतो तोच आठवडाभराने केला तर बाजारभावावर शुल्क भरावे लागू शकते. संमतिपत्राचा मसुदा करताना हा हिशेब न पाहणारा वकील अशिलाचे किती नुकसान करतो, हे सांगायला नको. शिवाय विमा आणि बँकखाते यांवरील नामनिर्देशन हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही. ते स्वतः जाऊन बदलावे लागते.

आता नाक्यापलीकडे, गोव्यात. पोर्तुगालचा 1867 चा दिवाणी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला आणि 1961 च्या मुक्तीनंतरही भारतीय संसदेने तो चालू ठेवला. घटस्फोटाची सोय तेथे 1910 मध्येच आली, कारण त्या वर्षी पोर्तुगालमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्याने पहिल्या काही आठवड्यांतच घटस्फोटाचा हुकूम काढला. तो हुकूम गोव्यातील हिंदूंनाही लागू झाला, म्हणजे मुंबई प्रांताच्या कितीतरी आधी. गोव्यात लग्न लागते भटजीसमोर किंवा चर्चमध्ये, परंतु नागरी निबंधकाच्या कार्यालयातील 'सही' झाल्याशिवाय त्याला पूर्णत्व येत नाही, आणि त्या सहीबरोबरच, वेगळा करार केलेला नसल्यास, उभयतांची मिळकत सामाईक होते. विवाहानंतर कमावलेलीच नव्हे, तर आधीची आणि वारशाने पुढे येणारीही. आणि मत्तेबरोबर कर्जेही. स्थावर विकायचे तर खरेदीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. भारताच्या आयकर कायद्यानेही ही व्यवस्था मानली असून पगार वगळता पतिपत्नीचे इतर उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे धरले जाते.

उदाहरणादाखल म्हापशातील एक कल्पित जोडपे घेऊ. पतीच्या नावावर 80 लाखांचा फ्लॅट, त्यावर 30 लाखांचे कर्ज; पत्नीला वडिलांकडून वारशाने आलेले 40 लाखांचे भातशेत. सामाईक मिळकतीची निव्वळ किंमत 90 लाख, म्हणून विभक्त होताना प्रत्येकी 45. हेच जोडपे सावंतवाडीचे असते तर फ्लॅट व कर्ज पतीकडे, शेत पत्नीकडे आणि वर न्यायालयाला योग्य वाटेल ती पोटगी. गोव्याच्या नियमात पत्नीला पतीच्या फ्लॅटमध्ये वाटा मिळतो हे सर्वांना आवडते. तिच्या बापाच्या शेतात जावयाचा निम्मा वाटा पडतो, हे सांगितले की ऐकणारा थबकतो. समानतेचा अर्थ दोन्ही बाजूंनी तोच असतो, एवढेच.

तरी गोव्याचे गुणगान करताना थोडे सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्या राज्याची समान नागरी कायद्याचे उज्ज्वल उदाहरण म्हणून प्रशंसा केली, परंतु मूळ संहितेत सामाईक मिळकतीचा कारभार पतीच्याच हाती दिलेला आहे, आणि हिंदूंच्या रूढींसाठी 1880 मध्ये काढलेल्या हुकुमात पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य किंवा पुत्र न झाल्यास पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. निम्मी मालकीण असणे आणि निम्मे व्यवहार ठाऊक असणे या भिन्न गोष्टी आहेत. कारभार ज्याच्या हाती, कागदपत्रेही त्याच्याच हाती राहतात. सामाईकपणा नको असेल त्यांना विवाहापूर्वी पूर्ण विभक्त मिळकतीचा, किंवा केवळ विवाहोत्तर कमाई सामाईक ठेवण्याचा करार सार्वजनिक दस्ताने करता येतो. मात्र तो विवाहाआधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. 2019 च्या त्याच निकालाने आणखी एक गोष्ट ठरवली: गोव्याचा रहिवासी असलेल्या मनुष्याने मुंबईत वा पुण्यात घेतलेल्या मिळकतीच्या वारसाहक्कालाही गोव्याचाच कायदा लागू होतो. त्यामुळे गोव्यातील मुलाशी लग्न करणाऱ्या पुण्याच्या मुलीने सहीआधी चौकशी करण्यासारखे पुष्कळ आहे.

घटस्फोटानंतर सामाईक मिळकतीची प्रत्यक्ष फोड गोव्यात 'इन्व्हेंटरी' नावाच्या कारवाईत होते. 2012 च्या गोवा वारसाहक्क कायद्यात तिची पद्धत घालून दिली आहे आणि तो कायदा 2016 पासून अमलात आहे. उभयतांपैकी एकाने मत्ता व कर्जे यांची शपथपूर्वक यादी द्यायची, दुसऱ्याने तीवर हरकती घ्यायच्या, मूल्यांकन करून घ्यायचे. कोणती वस्तू कोणाकडे जावी यावर एकमत झाले तर काम सोपे. न झाल्यास न्यायालयातच त्या दोघांत बोली लागते; चढी बोली करणाऱ्याच्या वाट्याला ती वस्तू जाते आणि आपल्या निम्म्या भागापेक्षा अधिक घेणाऱ्याने फरकाची रक्कम दुसऱ्यास रोख भरून द्यायची असते. अर्थात ज्याच्याजवळ रोकड किंवा पत आहे त्याची बोली चढी राहते, आणि कायद्याने निम्मी मालकीण असलेल्या पण स्वतःची कमाई नसलेल्या स्त्रीला राहते घर सोडून त्याच्या निम्म्या किमतीचा धनादेश घ्यावा लागण्याचा प्रसंग येतो. म्हणून तेथे यादी दाखल होण्याआधीच घरासाठी कर्ज कोण देईल याची चौकशी करून ठेवणे पत्नीच्या हिताचे असते, आणि पतीच्या यादीतील प्रत्येक ठेव, प्रत्येक भूखंड आणि विशेषतः मित्रांकडून हातउसने घेतल्याचे दाखवलेले प्रत्येक कर्ज तपासून पाहणे त्याहूनही अधिक.